खेळाडूचें मन आणि व्यवसायोपचार

क्रीडांगणावर धांवणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा चेंडूमागें झेपावणाऱ्या तरुणाकडे पाहतांना प्रेक्षकाच्या मनांत बहुधा एकच विचार येतो: ज्याचें शरीर एवढें कमावलेलें, त्याचें मनहि तितकेंच निकोप असणार. सुदृढ शरीरांत सुदृढ मन वास करतें ही समजूत फार जुनी आहे. आणि आखाडा, तालीम व सूर्यनमस्कार यांच्या संस्कारांत वाढलेल्या महाराष्ट्रीय समाजाला ती मुळींच परकी नाहीं. ती खोटी आहे असेंहि नव्हे. व्यायामानें मनाला हुरूप येतो हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु जेथें व्यायाम हा जीवनाचा एक भाग न राहतां सबंध जीवनच होऊन बसतो, तेथें हा सोपा हिशेब चुकतो. शरीराच्या सामर्थ्याआड मनाची व्यथा बेमालूम दडते, आणि ती दडते म्हणूनच तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

हा हिशेब कोठें चुकला आणि तो दुरुस्त करण्याची दृष्टि कोणीं दिली, हें समजून घेण्यास अमेरिकेच्या इतिहासांतील दोन प्रवाह पाहावे लागतात. पहिला प्रवाह महाविद्यालयीन खेळांचा. दुसरा ‘व्यवसायोपचार’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उपचारविद्येचा. येथें व्यवसाय म्हणजे केवळ पोटासाठीं केलेला धंदा नव्हे. सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत मनुष्य जीं जीं अर्थपूर्ण कामें करतो, म्हणजे अंग धुणें, रांधणें, शिकणें, कमावणें, मित्रांत रमणें, छंद जोपासणें, त्या सर्वांना मिळून हा शब्द योजलेला आहे. आणि अशा कामांच्याच द्वारां रोग्याला पुनः उभें करणें हा त्या विद्येचा हेतु. हे दोन्ही प्रवाह एकाच देशांत, विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत संघटित झाले. परंतु एकानें जो प्रश्न निर्माण केला त्याच्या उत्तराची एक वाट दुसऱ्यापाशीं आहे, हें ओळखण्यास पुढें फार काळ जावा लागला.

अमेरिकेंतील आंतरमहाविद्यालयीन क्रीडेचा आरंभ ३ ऑगस्ट १८५२ रोजीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील विनिपसॉकी सरोवरावर झाला, असें मानतात. हार्वर्ड आणि येल ह्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनीं तेथें होड्या वल्हविण्याची शर्यत लावली व हार्वर्डनें ती जिंकली. शर्यत विद्यार्थ्यांच्या हौसेची होती खरी, पण तिचा खर्च उचलला होता एका आगगाडी-कंपनीनें, आणि तो आपल्या मार्गावर उतारू वाढावेत म्हणून. अशा रीतीनें पहिल्याच सामन्यांत खेळाच्या पाठोपाठ व्यापारहि आला. १८६९ मध्यें रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यांत फुटबॉलचा सामना झाला, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत हा खेळ महाविद्यालयांच्या अभिमानाचें व उत्पन्नाचें मोठें साधन बनला.

त्याची किंमत खेळाडूंनीं आपल्या शरीरांनीं मोजली. १९०५ च्या एका हंगामांत, तत्कालीन वृत्तपत्रांच्या गणनेप्रमाणें, फुटबॉलपायीं १८ तरुण मरण पावले आणि दीडशेंहून अधिक जबर जखमी झाले. त्याच हंगामांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळांतील दांडगाई आवरण्याविषयीं बजावलें. लोकमत खवळलें. परिणामीं १९०६ मध्यें महाविद्यालयांची एक नियामक संस्था स्थापन झाली, आणि १९१० मध्यें तिनें ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ हें आपलें आजचें नांव धारण केलें. खेळाचे नियम बदलण्यांत आले. हाडें मोडूं नयेत, जीव जाऊं नयेत, ह्याची तजवीज होऊं लागली. मनहि मोडूं शकतें हा विचार त्या वेळीं कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

ह्यानंतरहि खेळ विद्यार्थ्यांच्या हातून निसटत गेला. १९२९ मध्यें कार्नेगी प्रतिष्ठानानें शंभराहून अधिक शिक्षणसंस्थांची पाहणी करून एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. खेळांत शिरलेल्या धंदेवाईक वृत्तीवर त्यांत कडक टीका होती. ह्या अहवालाचा गाजावाजा झाला, पण प्रेक्षागृहें ओस पडलीं नाहींत. पुढें एक मोठा विलक्षण प्रसंग घडला. १९५५ मध्यें कोलोरॅडो संस्थानांतील एका महाविद्यालयाचा खेळाडू फुटबॉल खेळतांना डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें, कामावर असतांना मृत्यु आलेल्या मजुराच्या कुटुंबास मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. कारण तो खेळाडू महाविद्यालयाचा नोकर नव्हता. ह्याच दशकांत ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द नियामक संस्थेनें प्रचारांत आणला. संस्थेचे अनेक वर्षांचे सूत्रधार वॉल्टर बायर्स यांनीं १९९५ च्या आपल्या आत्मवृत्तपर पुस्तकांत स्पष्ट कबुली दिली आहे, कीं खेळाडूंना कायद्यानें नोकर ठरविलें जाईल ह्या धास्तीपोटीं हा शब्द घडविण्यांत आला.

ह्या कबुलींत खेळाडूच्या मनःस्थितीचें मर्म सांपडतें. त्याचा खेळ हा खेळ राहिला नव्हता. तो काम झाला होता. पण त्याला काम म्हणावयाचें नाहीं, असाहि संकेत होता. जें करतां करतां तो थकत होता, त्याला थकवा म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता. कारण जग म्हणत होतें, हा तर नुसता खेळतो आहे.

आतां दुसऱ्या प्रवाहाकडे वळावयाचें. मनोरुग्णांना साखळदंडांऐवजीं माणुसकी आणि कामधंदा द्यावा, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत रुजली. फ्रान्समध्यें फिलिप पिनेल यांनीं तिचा पुरस्कार केला. इंग्लंडमध्यें विल्यम ट्यूक यांनीं १७९६ मध्यें यॉर्क येथें उघडलेल्या आश्रमांत रोगी बागेंत खपत, शिवणकाम करीत आणि एकत्र चहा घेत. पुढें रुग्णालयें अवाढव्य झालीं, रोग्यांची गर्दी वाढली आणि ही पद्धति मागें पडली. तिला नवें रूप आणि नवें नांव दिलें तें स्वतः रोगी असलेल्या एका गृहस्थानें.

जॉर्ज एडवर्ड बार्टन हे व्यवसायानें वास्तुविशारद. त्यांना क्षयाची बाधा झाली; पुढें पायावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली. औषधें चालू होतीं, पण खाटेवर पडल्या पडल्या दिवस कसा सरावा हें सांगणारें औषध कोणापाशींच नव्हतें. न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या गांवीं बार्टन यांनीं बागकाम व सुतारकाम यांच्या आधारें स्वतःवरच प्रयोग केला. हात कामाला लागले तसतसें शरीर व मन दोन्हीं सावरूं लागलीं. १९१४ मध्यें त्यांनीं तेथेंच एक घर घेऊन त्याला ‘कन्सोलेशन हाउस’, म्हणजे सांत्वनगृह, असें नांव दिलें, आणि आपल्यासारख्या इतरांना ह्या मार्गाला लावण्यास आरंभ केला. मार्च १९१७ मध्यें ह्याच घरांत सहा व्यक्ति जमल्या आणि व्यवसायोपचाराच्या प्रसारार्थ एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. बार्टन यांच्याखेरीज त्यांत मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन, समाजसेविका एलिनॉर क्लार्क स्लॅगल, हस्तकलाशिक्षिका सुसान कॉक्स जॉन्सन, दुसरे एक वास्तुविशारद थॉमस किडनर, आणि बार्टन यांच्या चिटणीस इझाबेल न्यूटन ह्या होत्या. सहांत वैद्य एकच, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्यांच्यापैकीं स्लॅगल यांचें कार्य प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचें. शिकागोच्या ‘हल हाउस’ ह्या सुप्रसिद्ध सेवाकेंद्राशीं त्यांचा संबंध होता. पुढें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या फिप्स चिकित्सालयांत त्यांनीं डॉक्टर अ‍ॅडॉल्फ मायर यांच्या हाताखालीं काम केलें. दीर्घकाळ आजारी असलेल्या मनोरुग्णांच्या साध्या साध्या सवयीहि मोडलेल्या असत. स्लॅगल यांनीं त्यांच्यासाठीं चोवीस तासांची दिनचर्या आंखली. ठरल्या वेळीं उठणें, दांत घांसणें, नीटनेटके कपडे घालणें, पंगतीला बसून जेवणें, मग हातकाम, फिरणें, खेळ, विश्रांति आणि झोंप, असा तो क्रम असे. ह्याला त्यांनीं ‘सवयींचें शिक्षण’ म्हटलें. आयुर्वेदानें दिनचर्येला जें महत्त्व दिलें आहे तें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. परंतु मोडलेलें मन जुळविण्यासाठीं दिवसाची घडी प्रथम जुळवावी, हा विचार रुग्णालयाच्या व्यवहारांत इतक्या नेटानें आणणें ही मोठीच गोष्ट होती.

ह्या व्यवहाराला तत्त्वाची बैठक दिली ती मायर यांनीं. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले हे मनोविकारतज्ज्ञ १९२१ मध्यें व्यवसायोपचाराच्या मंडळापुढें बोलले, आणि तें भाषण पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें. मनुष्याचें जीवन हें काळाच्या तालावर चालतें. दिवस आणि रात्र, भूक आणि तृप्ति, जागृति आणि निद्रा यांची लय त्यांत असते. आणि ह्या लयीचे चार मुख्य स्वर म्हणजे काम, खेळ, विश्रांति व झोंप, असें त्यांच्या विवेचनाचें सार होतें. पुष्कळसे मनोविकार म्हणजे ह्या चारांचा तोल बिघडणें होय, आणि तो तोल उपदेशानें परत येत नाहीं; प्रत्यक्ष करण्यानें, सरावानें येतो.

पुढील काळांत ह्या विद्येलाहि चढउतार पाहावे लागले. पहिल्या महायुद्धांत १९१८ मध्यें अनेक स्त्रिया घायाळ सैनिकांच्या पुनर्रचनेसाठीं फ्रान्समध्यें गेल्या, आणि ह्या उपचाराचा लौकिक झाला. परंतु वैद्यकशास्त्राच्या कडक मापांत बसण्याच्या हव्यासानें शतकाच्या मध्यावर व्यवसायोपचार हा सांधा किती वांकतो व स्नायु किती ओढतो एवढ्यापुरताच संकुचित होऊं लागला. बोट हललें म्हणजे काम झालें, असें वाटूं लागलें. त्या बोटानें मनुष्याला काय करावयाचें आहे, हा प्रश्न मागें पडला. १९६१ मध्यें मेरी रायली यांनीं, स्लॅगल यांच्याच नांवानें दिल्या जाणाऱ्या व्याख्यानांत, आपल्या व्यवसायबंधूंना मूळ विचाराकडे परत बोलावलें. मन आणि इच्छा यांनीं प्रेरित झालेले हात मनुष्याच्या आरोग्यावर परिणाम घडवूं शकतात, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांचे शिष्य गॅरी किलहॉफ्नर यांनीं १९८० मध्यें सहकाऱ्यांसह त्यावर एक व्यवस्थित मांडणी उभारली. मनुष्याची आवड व मूल्यें, त्याच्या सवयी व भूमिका, आणि त्याची कार्यक्षमता, ह्या तीन अंगांकडे एकत्र पाहावें, असें ती सांगते.

येथें दोन्ही प्रवाह समोरासमोर येतात. मायर यांचे चार स्वर महाविद्यालयीन खेळाडूच्या दिवसाला लावून पाहिले म्हणजे काय दिसतें? काम आहे, आणि तें दुहेरी आहे: वर्गांतलें आणि मैदानावरचें. झोंप पहांटेच्या सरावानें व परगांवच्या प्रवासानें कापलेली आहे. विश्रांति म्हणजे दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवून बसणें. आणि खेळ? चारांपैकीं हा एकच स्वर पूर्ण गहाळ झालेला आहे, कारण खेळ हेंच त्याचें काम झालें आहे. ज्याला सारें जग खेळाडू म्हणतें, त्याच्याच दिवसांत खेळाला जागा उरलेली नाहीं.

ह्यावर नियमांचा उपाय झाला नाहीं असें नाहीं. १९९१ मध्यें नियामक संस्थेनें ठराव करून हंगामांत सक्तीचा सराव आठवड्यास २० तासांहून व दिवसास ४ तासांहून अधिक असूं नये, आणि आठवड्यांत एक दिवस सुटी असावी, असा नियम केला. परंतु ह्या २० तासांत प्रवास धरावयाचा नाहीं, दुखापतीवरील उपचार धरावयाचे नाहींत, ‘स्वेच्छेनें’ केलेला सराव धरावयाचा नाहीं. आणि सामन्याचा दिवस, तो कितीहि लांबला तरी, ३ तासांचाच मोजावयाचा. संस्थेनेंच २०१५ मध्यें केलेल्या पाहणींत पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांतील खेळाडूंनीं खेळासाठीं आठवड्यास मध्यकानें ३४ तास जात असल्याचें सांगितलें. २०१० मध्यें हाच आंकडा ३२ होता. अलीकडे २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवाच्या व प्रतिमेच्या वापराबद्दल मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या एका तडजोडीनें महाविद्यालयांना त्यांना थेट पैसे देण्याचीहि मुभा मिळाली. न्यायाच्या दृष्टीनें हें योग्यच. पण त्यामुळें खेळ हा काम झाल्याची गोष्ट अधिकच उघड झाली.

दुसरें संकट ओळखीचें. १९९३ मध्यें ब्रूअर, व्हान राल्टे व लिंडर ह्या मानसशास्त्रज्ञांनीं, मनुष्य आपली ओळख खेळाडू ह्या एकाच भूमिकेशीं किती बांधून घेतो, ह्याचें मापन करणारें संशोधन प्रसिद्ध केलें. अशी घट्ट ओळख ही शक्तीहि आहे आणि मर्मस्थानहि आहे, असें त्यांनीं दाखविलें. जोंवर पाय धांवतात तोंवर ती बळ देते. ज्या दिवशीं पाय थांबतो, त्या दिवशीं तीच ओळख मनुष्याला घेऊन बुडते. ह्या संस्थेच्या छत्राखालीं आज पांच लाखांहून अधिक महाविद्यालयीन खेळाडू आहेत. त्यांच्यापैकीं पुढें धंदेवाईक खेळाडू होणारे शेंकडा दोनहि नसतात. अर्थात् उरलेल्या सर्वांच्या बाबतींत, दुखापत होवो वा न होवो, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं ही ओळख संपणार हें ठरलेलेंच असतें.

कल्पनेसाठीं वीस वर्षांची एक धांवपटू डोळ्यांपुढें आणावी. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, पुनः मैदानावर येण्यास नऊ महिने तरी लागणार असें वैद्यांनीं सांगितलें. गुडघ्याकडे पाहणारे पुष्कळ आहेत. पण पहांटे पांच वाजतां जाग येते आणि जावयाचें कोठें नसतें. संघाच्या मैत्रिणी ज्या वेळीं जेवतात, त्या वेळीं ती वैद्याच्या दारांत बसलेली असते. संध्याकाळचे चार तास रिकामे असतात, आणि आयुष्यांत पूर्वीं कधींहि ते तिचे स्वतःचे नव्हतेच. त्यांचें काय करावें हें तिला माहीत नाहीं. झोंप जाते, भूक मंदावते, अभ्यासांतून लक्ष उडतें. विचारलें असतां ती म्हणते, गुडघा बरा झाला कीं सर्व ठीक होईल. सहन करणें हेंच शिकविलेल्या मुलीकडून दुसरें उत्तर कसें यावें?

अशा वेळीं व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम तिच्या दिवसाची टांचणवही मागतो. तासातासाला काय केलें, तें कोणाच्या इच्छेनें केलें, करतांना आनंद झाला कीं ओझें वाटलें, हें ती आठवडाभर लिहिते. मग भूमिकांची यादी पुढें येते. १९८० नंतरच्या दशकांत तयार झालेल्या अशा एका प्रसिद्ध यादींत विद्यार्थी, कामकरी, स्वयंसेवक, दुसऱ्याची शुश्रूषा करणारा, घर सांभाळणारा, मित्र, कुटुंबीय, धर्माचरण करणारा, छंदी आणि संस्थेचा सभासद अशा दहा भूमिका आहेत. पूर्वीं कोणती केली, आज कोणती चालू आहे, पुढें कोणती हवी, आणि प्रत्येकीची मनाला किती किंमत आहे, हें तिनें सांगावयाचें. पुष्कळदां असें आढळतें, कीं बालपणीं चित्रें काढणारी, धाकट्या भावाला शिकविणारी, आईच्या हाताखालीं स्वयंपाक करणारी मुलगी कोठें तरी मागें राहिलेली असते. त्यानंतर १९९१ मध्यें कॅनडांत सिद्ध झालेल्या एका मापनपद्धतीप्रमाणें ती स्वतःला अडणाऱ्या गोष्टींपैकीं फार तर पांच निवडते, आणि त्या आपण किती चांगल्या करतों व त्यांत किती समाधान आहे, ह्याला एक ते दहा असे गुण स्वतःच देते. गुण देणारा येथें प्रशिक्षक नाहीं, घड्याळ नाहीं, प्रेक्षक नाहीं. ही एवढी गोष्टहि खेळाडूला नवी असते.

मग काम सुरू होतें, आणि तें लहान लहान पायऱ्यांनीं चढत जातें. झोंपेची वेळ बांधणें. आठवड्यांतून दोन वेळां स्वतःच्या हातचें जेवण रांधणें. कुबड्यांवर असतांनाहि ग्रंथालयाचा जिना कसा चढावा व अभ्यासाचे तास कसे विभागावे, ह्याची आंखणी करणें. शेजारच्या शाळेंतील मुलांना शर्यतीच्या आरंभाची उभें राहण्याची रीत शिकविणें, म्हणजे खेळाशीं नातें तुटत नाहीं, पण तें आपल्या गुडघ्यावर अवलंबूनहि राहत नाहीं. आणि एखादी गोष्ट अशी करणें, जींत जिंकणें-हरणें मुळींच नाहीं. ह्या शेवटच्या गोष्टीला बाहेरून पाहणारा करमणूक म्हणेल. मायर यांच्या हिशेबांत तो गहाळ झालेला चौथा स्वर आहे.

ह्या उपचाराला मर्यादाहि आहेत आणि त्या स्पष्ट असाव्यात. तीव्र विषण्णता, आहारासंबंधीचे विकार, जीव देण्याचे विचार, ह्यांना मनोविकारतज्ज्ञाची व मानसशास्त्रज्ञाची मदत तांतडीनें मिळालीच पाहिजे. दिनचर्येची वही हा त्यांना पर्याय नव्हे. व्यवसायोपचार त्यांच्या जोडीनें चालतो. खेळाडूंच्या बाबतींतील त्याच्या उपयोगाचें संशोधनहि अद्याप बाल्यावस्थेंत आहे. नियामक संस्थेनें २०१३ मध्यें मानसिक आरोग्यासाठीं एक कृतिगट नेमला, आणि २०१६ मध्यें अनेक वैद्यकीय संघटनांच्या सहकार्यानें मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. उपचार करणारा परवानाधारक असावा. व्यथित खेळाडूला ओळखून योग्य ठिकाणीं पाठविण्याची पद्धति ठरलेली असावी. हंगामापूर्वीं शरीराप्रमाणें मनाचीहि तपासणी व्हावी. आणि महाविद्यालयाचें वातावरणच आरोग्याला पोषक असावें, अशीं तीं चार तत्त्वें होत. २०२१ मध्यें टेनिसपटू नाओमी ओसाका व जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनीं मनःस्वास्थ्यासाठीं मोठ्या स्पर्धांतून माघार घेतली, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं बोलला जाऊं लागला. चार तत्त्वांपैकीं पहिलीं तीन कार्यालयांत बसून अमलांत आणतां येतात. चौथें मात्र दिवसाची रचना बदलल्याशिवाय साधत नाहीं, आणि व्यवसायोपचाराची खरी जागा तेथें आहे. एक धोका मात्र टाळावयास हवा. खेळाडूचें मन सुधारावें तें त्यानें अधिक सामने जिंकावेत म्हणून, असा हिशेब शिरला कीं उपचार हाहि सरावाचाच एक तास होऊन बसतो, आणि हा तासहि वीसांत धरला जात नाहीं!

ह्या विद्येचें महाराष्ट्राशीं असलेलें नातें जुनें आणि अभिमानाचें आहे. एलिझाबेथ लंडी ह्या अमेरिकन क्वेकर घराण्यांतील स्त्रीनें विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून १९३० मध्यें हिंदुस्थान हें आपलें घर केलें आणि त्या कमला निंबकर झाल्या. पुढें त्यांनीं अमेरिकेंत जाऊन व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलें आणि १९५० मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ह्या विषयाची शाळा उघडली. आशिया खंडांतील ही पहिली शाळा मानली जाते. १९५२ मध्यें अखिल भारतीय व्यवसायोपचार संघ स्थापन झाला. त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्याच वर्षीं जन्मलेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचें नांव आहे. फलटणचें कमला निंबकर बालभवन आज त्यांची स्मृति जागवीत आहे. क्लिफ्टन स्प्रिंग्जच्या घरांत पेटलेला दिवा अवघ्या तेहतीस वर्षांत परळच्या रुग्णालयांत आला होता.

म्हणून ह्या विचारासाठीं महाराष्ट्रीय पालकाला परदेशाकडे पाहण्याची गरज नाहीं. आज मुंबई-पुण्याच्या अनेक घरांतून मुलगा किंवा मुलगी पहांटे काळोखांत मैदान गांठते, आणि घरीं आल्यावर विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो: आज वेळ किती लागला, किंवा गुण किती झाले? प्रश्न प्रेमाचाच असतो. पण बार्टन, स्लॅगल आणि मायर यांच्या इतिहासानें कांहीं शिकविलें असेल, तर तें हें कीं त्याच्या जोडीला दुसराहि एक प्रश्न घरांत विचारला जावा: आज खेळाखेरीज काय केलेंस? त्या प्रश्नाला मुलापाशीं उत्तर असेल, तर एखाद्या दिवशीं गुडघा थांबला तरी मुलगा थांबणार नाहीं. उत्तर नसेल, तर तें गुडघा शाबूत असतांनाच शोधावयास आरंभ करणें बरें.